आधी गावात राहा, मग सुवार्ता सांगा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नगर जिल्ह्यातल्या एका शिबिरात मला मराठी शिकवायला बोलावतात. मराठीची निवृत्त शिक्षिका, त्यात घरची ख्रिस्ती, म्हणजे मानधनाचा प्रश्न मिटला. शिबिर दोन आठवड्यांचं. आलेली मुलंमुली पुढे 'सुवार्तिक', म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे, म्हणून खेड्यापाड्यांत जाणार असतात. गेल्या खेपेला त्यांना वाटलेला तक्ता माझ्या हाती पडला. त्यात रकाने होते: गाव, भेट दिलेली घरं, वाटलेल्या पुस्तिका, कुणासाठी प्रार्थना केली आणि शेवटी 'निर्णय घेतलेल्या व्यक्ती'. विमा एजंटाला महिनाअखेरीस भरायला देतात तसा कागद!

माझं म्हणणं असं की पंधरवड्यात सुवार्तिक घडत नाही आणि अशा तक्त्यातून शिष्य तर मुळीच नाही. घरातली धुणी वर्तमानपत्रात धुऊ नयेत, असं आमच्या मंडळीतले काही म्हणतील. पण धर्मांतरावर बाहेरचे रोज लिहितात. एकदा आतल्या माणसानं लिहिलं तर काय बिघडलं?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या माणसांना सगळ्या राष्ट्रांत शिष्य करायला धाडतो. शिबिराचा पहिला तास याच वचनावर असतो. धाडण्यापूर्वी हीच माणसं त्याच्यासोबत गावोगाव हिंडली, जेवली, आपसात भांडली, ऐन वेळी पळूनसुद्धा गेली, हे त्या तासात येत नाही. सगळी तयारी तिथंच तर झाली होती.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण आमच्या लोकांना पाठ आहे, पण त्याचा अर्थ कुणी लावत नाही. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, वाद घातले, पत्रं लिहिली आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाला आमचा तक्ता भरायला लावला असता तर त्यानं काय लिहिलं असतं? पुस्तिका एक, निर्णय शून्य. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी पाच वर्षं लागली. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून कसं सुटत गेलं, ते त्यांच्याच 'स्मृतिचित्रे'त वाचावं. त्यांनी ते स्वतःच्या बुद्धीनं सोडलं. कुणा प्रचारकानं ते उरकलेलं नाही.

याच टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्याला तिथं जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि तो प्रयोग बाळसं धरण्याआधीच थांबला. माझ्या मते मराठी ख्रिस्ती इतिहासातला हा सगळ्यात धाडसी विचार, आणि शिबिरात त्यावर एक तासही नसतो.

त्याच्याही मागे जायचं तर फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं १६१६ साली. दहा हजारांवर मराठी ओव्या, तेवढ्यासाठी सदतीस वर्षं! (त्याच काळात गोव्यातल्या साष्टीतली देवळं पोर्तुगीज सत्तेनं पाडली होती, हेही मी वर्गात सांगते. काहींना आवडत नाही.)

आता वर्गातला एक प्रसंग सांगते. मी या मुलांकडून तालीम करून घेते. एकदा मी कांदे काढणारी बाई झाले. एक पोरगा पुढे आला. "मावशी, आपण सगळे पापी आहोत, हे तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हटलं, "असंन बाबा. पण सकाळपासून कंबर मोडलीया, आधी ही पाटी उचलू लाग." तो गोंधळला, पुस्तिकेचं पान उलटलं आणि त्यानं पुढचा प्रश्न वाचला. त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिनं पुस्तिका पिशवीत टाकली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि विचारलं, "रोज किती देतात हो इथं?" ही मुलगी खेड्यात जायला तयार आहे. तिला तक्ता देऊ नका, नासवाल.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अनुसूचित जातीतला एखादा तरुण बाप्तिस्मा घ्यायचा म्हणतो, तेव्हा त्याच्या जातीच्या दाखल्याचं काय होतं, असं मी वर्गाला विचारलं. कुणालाही उत्तर देता आलं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळं त्यावर उभं असतं. हा आदेश अन्यायाचा आहे असं मला वाटतं, पण तो लागू आहे. समोरच्याला हे न सांगता त्याचा 'निर्णय' तक्त्यात टिपून घेणं ही फसवणूक आहे. त्यातूनच आमच्याकडे दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं अशी दुहेरी आयुष्यं जगणारे कितीतरी जण झाले, आणि वर आम्हीच त्यांना कच्चे विश्वासणारे म्हणतो.

धर्माच्या प्रचाराचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलं. आमचे लोक या निकालावर चिडतात. मी चिडत नाही. माणसाचं मन पालटणं सुवार्तिकाच्या हाती नाही, हे तर आमच्याच उपदेशात दर रविवारी सांगतात.

या मुलांना आधी गावात राहू द्या असं मी म्हटलं, तर सुवार्तेचं पीक उभं आहे, एवढी सवड कुणाला, असं एक पाळक मला म्हणाले. पाळकसाहेब, सवड नसेल तर धाडू नका. उमेदवाराला आधी वर्षभर एका गावात राहू द्या. तिथली शाळा, दवाखाना, पाण्याचा टँकर, सावकार, सगळं त्याला कळू द्या. त्या वर्षात त्याच्याकडून एकही आकडा मागू नका. आणि जातीच्या दाखल्याचा तास पहिल्याच दिवशी ठेवा, तो वकिलाकडून घ्या. आपल्याच मंडळ्यांत वकील आहेत, बोलावलं तर येतील.