दुसऱ्या मोटारीची पट्टी
एका मोटारीच्या चाकावरील कमानीसाठी घडविलेली एबीएस प्लॅस्टिकची पट्टी दुसऱ्या मोटारीस बसवावयाची असता, प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून वक्रतेतील तफावत अजमावावी, मग सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मृदू होणारे ते द्रव्य हीट गनने सावकाश वळवावे, आणि लांबी अधिक भरल्यास टोके न छाटता पट्टी मध्यावरच कापून, त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने सांधावी, कारण टोकांचे मूळ वळण हाताने पुन्हा साधणे दुरापास्त होय. स्क्रूसाठी पत्र्यास भोक पाडणे मात्र मला सर्वथा अमान्य आहे. तेथूनच गंज शिरतो. पट्टी चाकास घासत नाही आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी दाखल्यातील तपशिलास बाध आणीत नाही, याची खातरजमा वाचकांनी आधीच करावी.