गोव्याचा कुत्रा आणि युरोपचा नियम

पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद झाली, परदेशातील नोकरीचे ठरले, तिकिटे निघाली, की घरातल्या कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न शेवटच्या पंधरवड्यात पुढे येतो. तोपर्यंत त्याचे उत्तर हातातून निसटलेले असते. गोव्यातून होणाऱ्या स्थलांतराची चर्चा आपण बंद घरे, एकाकी आईवडील आणि पडीक शेते यांच्या अंगाने करतो. त्या बंद घराच्या पडवीत मागे राहिलेले जनावर या चर्चेत कुठेच नसते.

रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे येथून जाणाऱ्या कुत्र्याला वा मांजराला आधी मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी संघमान्य प्रयोगशाळेत रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम पाळावा लागतो. प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. सारे बिनचूक झाले तरी चार महिने जातात. ही प्रतीक्षा लहरीखातर नाही. लस लागू पडली एवढेच तपासणी सांगते. संसर्ग लसीपूर्वीच झालेला असेल, तर तो उघड होण्यास काळ जावा लागतो.

खरी मेख क्रमात आहे. चिपपूर्वी दिलेली लस मोजली जात नाही. गावोगावच्या मोफत मोहिमेत ज्याला दरवर्षी लस टोचली आणि अंगावर रंगाची खूण केली, तो कुत्रा रोगापासून सुरक्षित असतो. कागदावर मात्र त्याची सुरुवात शून्यापासून होते.

ब्रिटनचे नियमही बव्हंशी हेच आहेत. शिवाय तेथे विमानाने जाणारे पाळीव जनावर प्रवासी सामानातून नव्हे, तर मालवाहतुकीनेच उतरवावे लागते आणि कुत्र्याला प्रवेशापूर्वी एक ते पाच दिवसांच्या आत पट्टकृमीवर औषध द्यावे लागते. तरी हा मार्ग पूर्वीपेक्षा सुकर आहे. २०१२ पूर्वी भारतातून गेलेल्या कुत्र्याला तेथे सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा स्वीकारतच नाही. आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात मुक्काम, मग पुढचा प्रवास. तेवढा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आता गोव्याचा प्रश्न. अनेक वर्षांच्या लसीकरणानंतर २०२१ मध्ये हे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. देशातील हा पहिलाच प्रयोग. लिस्बन वा लंडनच्या विमानतळावर मात्र या कामगिरीचे मोल शून्य, कारण तेथे राज्य नव्हे, देश पाहतात. हा अन्याय आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण म्हणवत नाही. सावंतवाडी किंवा कारवारकडून येणारा कुत्रा सीमा पाहून थांबत नाही आणि लसीकरणात एका वर्षाचा खंडही महागात पडतो.

बाहेरचा नियम आपल्या हाती नाही. घरची व्यवस्था आहे. केंद्राच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा मोजक्या शहरांत आहेत. गोवेकराला जनावराच्या निर्यातीच्या दाखल्यासाठी मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते, तेही प्रवासाच्या ऐन तोंडावर. दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेल्या राज्याने मोपा किंवा दाबोळीवर या सेवेचा एखादा अधिकारी मागणे अवाजवी ठरू नये. त्याहूनही सोपे काम राज्याच्या स्वतःच्या अखत्यारीत आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत पाळीव कुत्र्याला लसीबरोबरच चिप बसवून तिचा क्रमांक लसीच्या पुस्तिकेत नोंदवला, तर पुढचे निम्मे अडथळे दूर होतील.

कुटुंबांनीही वेळ नव्हता असे म्हणू नये. लिस्बनमधील जन्मनोंदणीला महिनोन्‌महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत कुत्र्याचे चार महिने आरामात बसतात. कागदपत्रे दाखल कराल त्याच आठवड्यात चिप आणि लस करून घ्यावी. रक्ततपासणीचा निकाल एकदा अनुकूल आला आणि लसीच्या पुढच्या मात्रा मुदतीपूर्वी दिल्या, तर ती तपासणी पुन्हा करावी लागत नाही. जाणे वर्षभर लांबले तरीही.