दादरला जाताच, तर म्युझियमही पाहून या

आपल्या जालना, भोकरदन, परतूर भागातील कितीतरी कुटुंबे ६ डिसेंबरला मुंबईला जातात. चैत्यभूमीला वंदन होते, पुस्तके व कॅलेंडर घेतले जाते, फार तर गेटवे आणि समुद्र पाहिला जातो, की परतीची गाडी. त्याच गेटवेपासून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे. १९२२ साली ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने लोकांना खुले झाले. मात्र घुमटाची ती इमारत आपण रस्त्यावरूनच पाहतो. शिकलेल्यांची जागा, आत आपले काय काम, असा संकोच वाटतो.

बंधू-भगिनींनो, आत आपले पुष्कळ आहे. सिंधमधील मीरपूरखास येथे (ते आज पाकिस्तानात आहे) एक विटांचा स्तूप होता. १९१० च्या सुमारास हेन्री कझिन्स यांनी तो खणला. तिथल्या बुद्धमूर्ती दगडाच्या नाहीत, भाजलेल्या मातीच्या आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. हातात कमळे घेतलेला एक उपासकही त्यांत आहे. एवढी मोठी मूर्ती न तडकता भाजायची म्हणजे काय, हे वीटभट्टीवर राबलेल्या माणसाला जेवढे कळेल तेवढे प्राध्यापकालाही कळणार नाही!

नालासोपाऱ्याजवळ सापडलेला अशोकाचा शिलालेखही याच संग्रहालयात आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तिथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी फिरत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत वृद्धांना दान आणि खेड्यातील लोकांची भेट असे.

हे सारे परमुलखातले, असेही समजू नका. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्यासारखीच मूर्ती थेट इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पॉम्पेई शहरात सापडली होती. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

तेव्हा यंदा परतीचे तिकीट ७ तारखेच्या रात्रीचे काढा. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट नको, लहान मुले कंटाळतात. तळमजल्यावरील शिल्पांपासून सुरुवात करा. मुलांजवळ वही-पेन्सिल द्या, आवडेल त्या मूर्तीचे चित्र त्यांना काढू द्या.