अर्धं तिकीट, पण बस कुठाय?

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघंजण सेमाडोहला यायचं म्हणतोय. कसं यायचं गं? आणि आल्यावर फिरायला काय मिळतं?"

मी म्हटलं, "लिहून घे. रेल्वेनं आलात तर बडनेऱ्याला उतरा, मुंबई-नागपूर मार्गावरचं मोठं स्टेशन आहे. एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून विमानही येतं. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून घटांगचा घाट चढून सेमाडोह जवळजवळ तेवढंच. एसटी आहे, टॅक्सी आहे. जंगलात आपली गाडी चालत नाही. वनखात्याकडे नोंदलेली जिप्सी आणि सोबत गाइड घ्यावा लागतो. कोलकासला हत्तीवरून फेरी आणि वर चिखलदरा आहेच."

"म्हणजे सगळी सोय आहे की!" ती खूश होऊन म्हणाली.

फोन ठेवला आणि मनात आलं, सोय आहे खरी, पण कोणाची?

मैत्रिणींनो, बचतगटाच्या कामासाठी मी गेली बारा वर्षं मेळघाटात जाते. मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवार होता. सेमाडोहच्या स्टॉपवर एक कोरकू सासू आपल्या आठ महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन बसली होती. सोनोग्राफीसाठी अचलपूरला जायचं होतं. सकाळची बस निघून गेलेली, पुढची दुपारनंतर. मी विचारलं, "मग कसं जाल?" ती मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "बस आली तं बसनं जाऊ बाई, नाई तं काळीपिवळी हाये."

मी तिच्याशेजारी दीड तास बसले. करमणूक म्हणून गाड्या मोजल्या. पर्यटकांच्या सत्तावीस मोटारी गेल्या, बहुतेकींत दोन-तीन माणसं. बस एकही नाही. शेवटी काळीपिवळी आली. आत दाटीवाटीनं माणसं, मागे दोघं लटकलेले. ती पोरगी पोटावर हात धरून आत शिरली. तिकिटाचे पैसे पूर्ण.

हे 'पूर्ण' माझ्या डोक्यातून जाईना. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलीच योजना. माझ्या कॉलनीतल्या कितीतरी जणी तेव्हापासून माहेरी वरचेवर जायला लागल्या. पण ही सवलत एसटीतच मिळते. जीपवाला कशाला देईल? म्हणजे जिथे दर अर्ध्या तासाला बस सुटते, तिथल्या नोकरदार बाईला अर्धं तिकीट आणि जिथे बसच नाही, तिथल्या मजूर बाईला पूर्ण. ज्या बाईला सवलतीची गरज सर्वात जास्त, तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. सवलत कागदावर दिली की काम संपत नाही, ती बसच्या चाकांवरून तिच्या गावात यावी लागते.

असं का होतं? घाटरस्त्यावर डिझेल जास्त लागतं, प्रवासी कमी, म्हणून फेरी तोट्यात जाते. तोट्यातली फेरी आधी बंद होते. 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा लोकांनी जीपची सवय करून घेतली. रेल्वेचं पाहावं तर माझं माहेर अकोटचं. लहानपणी आम्ही मीटरगेजनं खांडव्याला जायचो, धुळघाटचं ते गोल वळण बघायला खिडकीशी भांडायचो. 2017 मध्ये रुंदीकरणासाठी ती गाडी बंद झाली. अकोट-अकोला नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालं, पण पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, या वादात अडकला. अचलपूरची शकुंतलाही बंदच आहे.

वाघाच्या वाटेत रेल्वे आणि रुंद रस्ते नकोत, हे मला पटतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण मग त्याचा सरळ अर्थ असा की, गाड्या कमी हव्यात आणि एका गाडीत माणसं जास्त हवीत. आज आपण नेमकं उलटं करतोय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात मोटारींची रांग लागते आणि त्याच रांगेत अॅम्ब्युलन्सही अडकू शकते.

दुसरीकडे काय करतात? दोन वर्षांपूर्वी आम्ही भिशीच्या मैत्रिणी अंदमानला गेलो होतो. हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर जायला खासगी वेगवान बोटी आहेत आणि सरकारी बोटही आहे. सरकारी बोटीत बेटावरच्या रहिवाशांना सवलतीचं तिकीट. त्याच बोटीत भाजीच्या टोपल्या, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली आजी आणि आम्ही पर्यटक! आपल्या माथेरानला तर पर्यटकाची मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. म्हणून कोणी माथेरानला जायचं सोडलंय का?

मेळघाटही पावसाळ्यात बेटच होतं. नाल्याला पूर आला की पलीकडचं गाव तुटतं. मग बेटाचाच नियम इथे का नको? सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारी परतवाड्याला थांबवाव्यात आणि तिथून परतवाडा-सेमाडोह-चिखलदरा अशा लहान बसेस फिरवाव्यात. पर्यटकानं पूर्ण भाडं द्यावं, गावकऱ्यांसाठी पुढच्या जागा राखाव्यात. पर्यटकाच्या पैशानं फेरी तोट्यातून निघेल आणि मधल्या वारी बाजाराच्या, दवाखान्याच्या वेळेला तीच बस गावाला मिळेल. चालक मात्र घाट जाणणारा हवा आणि गाडी तपासलेली हवी. सप्टेंबर 2024 मध्ये सेमाडोहजवळ धारणीकडे निघालेली खासगी बस दरीत कोसळली, त्यात जीव गेले. कामावर निघालेले शिक्षकही त्या बसमध्ये होते. ते आपण इतक्यात विसरायला नको.

हे सगळं सरकारनं करायचं, हे खरं. पण मागायचं कोणी? सेमाडोहची ती सासू अर्ज लिहून मुंबईला जाणार नाही. महिला मंडळं, बचतगट आणि आपण शहरातल्या बायकांनी आगार व्यवस्थापकाला, आमदाराला एवढंच विचारावं, 'आमच्या अर्ध्या तिकिटाची बस मेळघाटात दिवसातून किती वेळा जाते?' उत्तर लेखी मागावं.

रात्री मी भाचीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "गाडी घेऊन येऊ नकोस. परतवाड्याहून एसटीनं या. थोडं थांबावं लागेल, पण स्टॉपवर कोण कोण भेटतं ते बघ."

"आणि बस नाही आली तर?"

"तर मग," मी म्हटलं, "पुण्याला परत गेल्यावर तूसुद्धा एक पत्र लिही."