निळ्या तबकड्यांची कुस्ती

दोस्तांनो, वहीचं एक पान घ्या. अर्ध्या पानावर स्केचपेननं लिहा, अर्ध्यावर टोकदार पेन्सिलीनं. जास्त मजकूर कुठे मावला? पेन्सिलीच्या बाजूलाच ना! डीव्हीडीच्या पुढची तबकडी बनवणाऱ्यांनी हीच युक्ती वापरली.

डीव्हीडी वाचतो तांबडा लेसर. निळ्या-जांभळ्या लेसरची तरंगलांबी त्याहून कमी, म्हणून त्याचा ठिपका बारीक. ठिपका बारीक, की तबकडीवरच्या खुणाही बारीक करता येतात. मग तेवढ्याच १२ सेंटिमीटरच्या तबकडीत कितीतरी स्पष्ट सिनेमा मावतो.

पण गंमत अशी, की एकाच युक्तीतून दोन तबकड्या जन्मल्या! तोशिबाच्या गटाची 'एचडी डीव्हीडी' आणि सोनीच्या गटाची 'ब्लू-रे'. २००६ साली दोघी आखाड्यात उतरल्या. एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी चालेना.

एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल. त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडे बदल करून ती बनवता येई. पण एका थरात मावत १५ गिगाबाइट. ब्लू-रेचा थर फक्त ०.१ मिलिमीटर खोल. त्यामुळे जास्त ताकदीचं भिंग वापरता येतं, ठिपका आणखी बारीक होतो आणि एका थरात २५ गिगाबाइट मावतात! मात्र थर इतका वर, की ओरखड्यांची भीती. म्हणून तिच्यावर कडक लेप द्यावा लागला. पडद्यावर मात्र दोघींचं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचंच. नुसतं बघून फरक सांगणं कठीण!

मग कुस्ती निकाली कशी निघाली? सोनीनं २००६ मध्येच 'प्लेस्टेशन ३'मध्ये ब्लू-रे बसवली. खेळासाठी यंत्र आणलं, की घरात ब्लू-रे प्लेअरही आलाच! पुढे जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या बड्या चित्रपट कंपनीनं फक्त ब्लू-रेच काढायचं जाहीर केलं. दीड महिन्यात, १९ फेब्रुवारीला, तोशिबानं माघार घेतली.

बिचारे एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेले लोक! यंत्र ठणठणीत, चित्र झकास, घरातल्या तबकड्याही चालत होत्या. पण नवे सिनेमे येणार कुठून? म्हणून दोस्तांनो, नवीन वस्तू घेताना ती किती छान आहे एवढंच विचारू नका. 'हिच्यावर उद्या काय चालेल?' हेही विचारा. दुकानदार जरा डोकं खाजवेल, पण तुमचे पैसे वाचतील!