डोळा पाहतो, बुद्धी जाणते

भेलसंहितेने आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक आणि बुद्धिवैशेषिक असे दोन भेद सांगितले आहेत. डोळ्याने रूप ग्रहण करणे वेगळे आणि बुद्धीने ते जाणणे वेगळे, हा भेद आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि चिकित्सेत विसरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या नवजात पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. तो उघडल्यावर निरोगी होता. तरी मेंदू त्याची दखल घेईना. दृष्टिसंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

बालकाच्या एका डोळ्याचा नंबर अधिक असेल किंवा तिरळेपणा असेल, तर हेच घडू शकते. दुसरा डोळा उत्तम असल्याने मूल तक्रार करीत नाही. चष्मा व चांगल्या डोळ्यावरील पट्टी या उपायांना सातव्या वर्षाच्या आत सर्वाधिक यश येते.

आमच्या चकलांबा परिसरातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुलांसह कारखान्यांकडे जातात. शाळेत नेत्रतपासणी होते तेव्हा मूल फडात असते. म्हणून चार-पाच वर्षांचे मूल खोकल्यासाठी आले, तरी वैद्यांनी एकेक डोळा झाकून दृष्टी तपासावी आणि शंका येताच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधी विक्रेत्यांनीही अशा मुलास केवळ त्रिफळा घृत देऊन परत धाडू नये. घृत पुढच्या वर्षीही मिळेल. मेंदूचे ते वय मिळणार नाही.