विदर्भ संघाची वही

रणजी करंडक स्पर्धेत विदर्भाचा संघ प्रथम उतरला तो 1957-58 च्या हंगामात. सिंदी मेघे येथील एका किराणा व्यापाऱ्याचा जन्मही त्याच वर्षाचा. परिसरातील लहानथोर त्यांना काकाजी म्हणतात. दुकानाच्या गल्ल्याखाली, उधारीच्या वह्यांच्या शेजारी, त्यांची आणखी एक लाल कापडी बांधणीची वही असते. तिच्यात मालाची नोंद नाही; विदर्भ संघाच्या सामन्यांची आहे. व्यापाऱ्याच्या हातची वही असल्याने विजय डावीकडे जमेस आणि पराभव उजवीकडे नावे, अशी तिची रीत. कित्येक वर्षे उजवी बाजू भरत गेली व डावीकडे मधूनच एखादी ओळ पडत राहिली. घरची मंडळी या वहीला ‘बुडीत उधारी’ म्हणत असत.

त्यांचे म्हणणे अगदीच अवाजवी नव्हते. विदर्भाने पदार्पण केले त्याच्या पुढच्याच हंगामापासून, म्हणजे 1958-59 ते 1972-73, मुंबईने सलग 15 वेळा करंडक जिंकला. मध्य विभागात राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्याशी झुंजतानाच विदर्भाची दमछाक होई. त्या काळात क्रिकेटवेड्या मुलाने मुंबईचा चाहता व्हावे, हेच शहाणपणाचे होते. वर्ध्यातील बहुतेकांनी तेच केले. काकाजींनी मात्र नागपूरच्या वृत्तपत्राच्या खेळपानावर, तळाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला विदर्भाचा धावफलक शोधण्याची सवय लावून घेतली आणि ती कधी सुटली नाही.

जिंकण्याजोगे फारसे नसले की चाहता आठवणी आणि योगायोग जमवू लागतो. वहीच्या शेवटच्या पानांत असे बरेच धन आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, 31 ऑक्टोबर 1895 चा. पुढे ते इंदूरच्या होळकर संघात गेले आणि त्या संघाने 4 वेळा रणजी करंडक जिंकला. नायडूंच्याच जन्मदिनी, 31 ऑक्टोबर 1987 रोजी, नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्माने रूदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचेही त्रिफळे उडवून विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक साधली. सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले, तेही याच सामन्यात. नायडूंच्या जन्मदिनाचा हा मेळ वृत्तपत्रात वाचल्याचे काकाजींना आठवत नाही. त्यांनी तो स्वतः कॅलेंडर उलटून काढला.

2008 च्या नोव्हेंबरात जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया, आणि सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी. हे मैदान नागपूर-वर्धा मार्गावर आहे. त्यामुळे मोठे क्रिकेट नागपूरकरांपासून जरा दूर गेले आणि वर्धेकरांच्या जवळ आले; काकाजींच्या मते विदर्भ क्रिकेट संघटनेचा हा सर्वांत न्याय्य निर्णय होय. संघ मात्र तेव्हा बराच काळ खालच्या ‘प्लेट’ गटात अडकलेला होता. प्रशांत वैद्य यांनी नव्वदच्या दशकात मोजके एकदिवसीय सामने खेळले होते, परंतु विदर्भाकडून खेळणारा कसोटीपटू दिसण्यास 2011 उजाडावे लागले. तो उमेश यादव, कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा. पुढे 2014-15 आणि 2015-16 या लागोपाठच्या हंगामांत संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा वहीच्या डाव्या बाजूस प्रथमच थोडी दाटी झाली.

याच सुमारास वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला. त्याची एक हकीकत व्यापारी कुटुंबांत विशेष सांगण्याजोगी आहे. एका हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही, तरीही संघटनेने कराराची रक्कम चुकती केली. पुढच्या, म्हणजे 2017-18 च्या हंगामात जाफर कराराचे मानधन न घेता खेळला. घेतलेल्या पैशाचे काम बाकी आहे, एवढाच त्याचा हिशेब. कागदावर तशी कोणतीही सक्ती नव्हती. काकाजींनी ही हकीकत वहीत धावांच्या रकान्यात नव्हे, तर वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे.

आणि तोच हंगाम फळाला आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव 185 धावांत आटोपला. कर्नाटकने 301 केल्या, त्यांत करुण नायरच्या 153. विदर्भाने दुसऱ्या डावात 313 पर्यंत मजल मारली आणि कर्नाटकापुढे 198 चे लक्ष्य राहिले. अखेरच्या सकाळी त्यांना 87 धावा हव्या होत्या, हाती 3 गडी होते. शेपटाकडच्या फलंदाजांनी जवळजवळ सारे अंतर कापले, आणि डाव 192 वर संपला. फरक 5 धावांचा. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने या सामन्यात 12 गडी टिपले. त्या सकाळी दुकानात आलेल्या गिऱ्हाईकांना साखरेऐवजी मीठ मिळाले, असे शेजारी सांगतात; काकाजी ते नाकारतात.

अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नायडू ज्या नगरीत गेले, तेथेच विदर्भाचा करंडक वाट पाहत होता! दिल्लीच्या ध्रुव शोरीने 145 धावा केल्या, परंतु गुरबानीने लागोपाठच्या चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले आणि पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शोरीचा. तिन्ही त्रिफळाचीत, 1987 च्या नागपूरसारखेच. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही दुसरी हॅट्ट्रिक. पहिली 1972-73 मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, आणि ती पराभूत संघाकडून. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या 133 धावांच्या बळावर विदर्भाने 547 केल्या आणि 1 जानेवारी 2018 रोजी सामना 9 गड्यांनी जिंकला. साठ वर्षांच्या उजव्या बाजूसमोर काकाजींनी डावीकडे एकच शब्द लिहिला : ‘वसूल’.

पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला 78 धावांनी नमवून करंडक राखला गेला. डावखुऱ्या आदित्य सरवटेने 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच गोलंदाजीवर बाद झाला, 1 आणि 0. जाफरने वयाच्या चाळिशीत हंगामात 1037 धावा काढल्या. तो रणजीचे 10 अंतिम सामने खेळला आणि दहाही जिंकला, 8 मुंबईकडून, 2 विदर्भाकडून. त्यानंतरच्या इराणी करंडकाच्या बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामा हल्ल्यातील हुतात्म्यांच्या कुटुंबांना दिली.

खरा वाद घरात सुरू झाला तो नंतर. करुण नायर विदर्भाकडून खेळू लागला. ज्याचा त्रिफळा उडवून हॅट्ट्रिक पूर्ण झाली, तो ध्रुव शोरीही विदर्भाचा सलामीवीर झाला. उलट सरवटे केरळकडे गेला. बाहेरच्यांच्या बळावर जिंकलेला करंडक आपला कसा म्हणायचा, असा काकाजींच्या नातवाचा रोकडा प्रश्न. आक्षेप अगदीच पोकळ नाही. जिल्ह्यातील मुलाची जागा पाहुण्याने घेतली, तर वर्ध्याच्या मैदानावर सराव करणाऱ्याने आशा कोणाकडे पाहून धरावी? काकाजींनी त्याला पणजोबांची गोष्ट सांगितली. कापसाच्या व्यापारासाठी ते मारवाडातून वर्ध्याकडे आले, तेव्हा येथील लोकांनी त्यांना उधारीवर गोदाम दिले होते. नातवाला हे उत्तर पटले नाही. पणजोबा परत गेले नाहीत, हे खेळाडू करार संपला की जातात, असे तो म्हणाला, आणि त्यावर काकाजींपाशी उत्तर नव्हते.

26 फेब्रुवारी 2025 रोजी जामठ्याला विदर्भ-केरळ अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा हे दोघेही प्रेक्षकांत होते. विदर्भ 3 बाद 24. तेथून नागपूरच्या दानिश मालेवारने, वय 21, 153 धावा काढल्या आणि त्याला साथ दिली ती नायरनेच. दोघांची भागीदारी 215 धावांची. नातू आणि आजोबा दोघेही आपापला मुद्दा सिद्ध झाल्याच्या समाधानात होते. विदर्भाच्या 379 ला केरळने झुंजार उत्तर दिले आणि त्यात सरवटेच्या 79 धावा होत्या. जो गोलंदाज सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर आपल्यासाठी जिंकला होता, तो आता आपल्याविरुद्ध उभा. आसपासचे लोक तो बाद होण्याची वाट पाहत असताना काकाजी त्याच्या चौकारांना टाळ्या वाजवीत होते. नातवाने हात धरून त्यांना थांबवले.

केरळचा डाव 342 वर संपला. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक जिंकला. नायरने दुसऱ्या डावात 135 केल्या. हर्ष दुबेचे हंगामातील बळी 69 झाले. एका रणजी हंगामातील तो उच्चांक, बिहारच्या आशुतोष अमनच्या 68 पेक्षा एकाने अधिक.

वहीत त्या सामन्याचे पान नातवाच्या हस्ताक्षरात आहे. काकाजींची दृष्टी अधू झाल्याने आता तोच लिहितो. सरवटेच्या 79 धावा कोणत्या बाजूस मांडायच्या यावर दोघांचे एकमत झाले नाही, म्हणून त्या मधल्या रेघेवर लिहिल्या आहेत.